नजमाबाईंचे शनिवारचे सिनेमे

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडून बसलो होतो. सलीमभाई म्हणजे नजमाबाईंचे धाकटे भाऊ. एरवी ते फोनवर आधी माझ्या तब्येतीची, मग पोरांची, मग दुकानाची चौकशी करतात आणि मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. "शशीभाऊ, आपा गेली," एवढंच म्हणाले. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याला म्हटलं, "पावणं, उद्या या. आमच्यातलं माणूस गेलंय." कोण, म्हणून त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी बी येतो." त्याला मी ओळखत नव्हतो. तो बाईंकडं कधी आणि कशासाठी जात होता हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शटर ओढलं आणि दोघं माझ्या गाडीवरून निघालो.

कब्रस्तानात त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली, ती लिहायलाच हवी. खूप माणसं जमली होती, आणि त्यातली बरीच एकमेकांना ओळखत असूनही ओळख न दाखवता उभी होती. ती शिस्त बाईंनीच लावलेली. त्यांच्याकडं भेटलेलं माणूस बाजारात भेटलं, तर ते आधी हसल्याशिवाय आपण हसायचं नाही, असं त्या प्रत्येकाला बजावून सांगायच्या. आपल्याकडं मानसोपचाराला जाणं म्हणजे अजूनही लपवायची गोष्ट. त्या दिवशी माती देऊन झाल्यावर एका पोक्त माणसानं शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बी?" त्यानं विचारलं. "व्हय, मी बी," शेजारचा म्हणाला. मग तिसरा पुढं आला, चौथा आला... बघता बघता एक घोळका तयार झाला. त्यात हमाल होते, वकील होते, एक निवृत्त फौजदार होते. कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं. इतक्या वर्षांत जे बाईंना हवं होतं, ते त्यांच्या मागं असं भर दुपारी, उघड्यावर झालं.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नजमा शिकलगार मानसशास्त्रज्ञ होत्या. गोळ्या-औषधं देणं त्यांचं काम नव्हतं. माणसाला बोलतं करणं आणि ते बोलेल ते ऐकणं हे त्यांचं काम. कोल्हापुरात, शाहूपुरीत माझ्या दुकानापासून जवळच, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे. सुरुवातीला त्या ती चूक दुरुस्त करायच्या, पुढं कंटाळून सोडून दिलं. पण त्यांचं नाव झालं ते दर शनिवारी दुपारी भरणाऱ्या गटामुळं. अंतराळवीर, यंत्रमानव, परग्रहावरचे जीव, काळात मागं-पुढं जाणारी माणसं, असले सिनेमे दाखवून त्या उपचार करायच्या.

आमची ओळखही त्यातूनच झाली. माझी तेव्हा सीडी लायब्ररी होती. एक दिवस साधी सुती साडी नेसलेल्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या आणि अंतराळातले जेवढे सिनेमे असतील तेवढे काढा म्हणाल्या. मी कार्टूनचा खोका पुढं ओढला आणि विचारलं, "पोरं किती वर्षांची हायत?"

"चाळीस-पन्नास," त्या शांतपणे म्हणाल्या.

पुढं महिनाभर त्या येत राहिल्या आणि मी त्यांच्या सीड्या बाजूला काढून ठेवायला लागलो. पडद्यावर चित्र टाकायचं यंत्र त्यांना नीट लावता येत नव्हतं, म्हणून एका शनिवारी मी वर गेलो, आणि मग दर शनिवारी जातच राहिलो. एकदा मी त्यांना विचारलं की असले यान-बिनवाले सिनेमे कशाला. सरळ घरगुती, रडायचे सिनेमे लावा, माणसं मोकळी होतील.

"शशीभाऊ," त्या म्हणाल्या, "घरातला पिक्चर लावला की माणसं लगेच बाजू घेत्यात. ही सासू माझ्या सासूसारखी, त्यो भाऊ माझ्या भावासारखा. मग राग येतोय, आणि स्वतःकडं बघायचं ऱ्हातंय बाजूला. परग्रहावर कुणाचा भाऊ न्हाय, कुणाची सासू न्हाय. तिथं माणूस बिनघोर बघतंय. आणि बघता बघता आपल्याच दारात येऊन उभं ऱ्हातंय."

त्यांची पद्धत वरवर साधी होती. सिनेमा पूर्ण कधी दाखवायच्या नाहीत. कथेतलं माणूस पेचात सापडलं की मला हात वर करून खूण करायच्या, मी चित्र थांबवायचो, आणि त्या विचारायच्या, "आता ह्यानं काय करावं?" तुम्हाला काय वाटतं, असं त्या विचारत नसत. त्यांचं म्हणणं असं, की कोल्हापुरी माणसाला काय वाटतंय विचारलं की ते म्हणतं, काय न्हाय, बरं हाय. पण दुसऱ्यानं काय करावं हे विचारलं की तासभर थांबत नाही. त्या तासाभरात माणूस स्वतःबद्दल जे सांगून जातं ते बाई ऐकत बसायच्या, आणि पुढच्या आठवड्यात एकेकट्याशी त्यावर सावकाश बोलायच्या.

हे वेड त्यांना लहानपणी लागलं होतं. त्यांचे वडील गावातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. शाळा सुटली की नजमा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसायची. भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पडदा दिसायचा, पण यंत्राच्या घरघरीत संवाद ऐकू यायचे नाहीत. "मग मीच बोलायची त्यांच्या वतीनं," त्या सांगायच्या. "अब्बा म्हणायचे, पोरी, हिरोपेक्षा तूच जास्त बोलतीस."

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पहिल्या वर्षी त्यांनी एक सिनेमा लावला, ज्यात एक शास्त्रज्ञ आपल्या मेलेल्या मुलीसारखी दिसणारी यंत्रमुलगी बनवतो. गटात एक आई होती. तिची मुलगी तापानं गेलेली. बाईंना ते माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी तो सिनेमा निवडला होता. यंत्रमुलीनं डोळे उघडले तशी ती आई उठली, जिन्यात जाऊन ओकली आणि परत आलीच नाही. बाई हादरल्या. दुसऱ्या दिवशी त्या तिच्या घरी गेल्या, उंबऱ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी तुमास्नी आधी विचारलं न्हाय." त्या आईनं आत बोलावलं नाही. तरी त्या अधूनमधून जात राहिल्या. बऱ्याच दिवसांनी आतून चहा आला. पुढं ती आई गटात परतली, पण त्या दिवसापासून बाईंनी नियम केला: सिनेमातलं अवघड काय आहे ते आधी सगळ्यांना सांगायचं, ज्याला नको त्यानं बाहेर बसायचं, आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर विचारायचं नाही.

आता दत्ताची गोष्ट. ही मी त्याच्या परवानगीनं लिहितोय. "नावासकट लिही की, लाज कसली," असं तो म्हणाला. दत्ता चौगुले कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत शिफ्टचा प्रमुख होता. लेकीचे कान टोचायचे म्हणून त्यानं एक दिवस पाळी बदलून घेतली. त्याच्या जागी त्याचा जोडीदार बाळू उभा राहिला, आणि त्याच पाळीत भट्टीजवळ अपघात होऊन बाळू गेला. दत्तानं मयतीला खांदा दिला, घरी आला आणि नंतर जवळजवळ बोलायचाच थांबला. कामावर जाईना, अंगणात बसून राही, लेकीच्या कानातले डूल दिसले की उठून दुसरीकडं जाई. त्याची बायको सुरेखा त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली. "मला येड लागल्यालं न्हाय," एवढं एकच वाक्य तो पहिल्या भेटीत बोलला. बाई म्हणाल्या, "न्हाईच लागलेलं. शनिवारी या. पिक्चर बघा, चहा घ्या, जावा."

तो आला, तो सुरेखासाठी. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसला. असे तीन-चार शनिवार गेले. झोपेसाठी बाईंनी त्याला एका मनोविकारतज्ज्ञांकडंही पाठवलं होतं, गोळ्या चालू होत्या, झोप जरा लागत होती. बोलणं मात्र नव्हतं. मग एका शनिवारी त्यांनी जो सिनेमा लावला, त्यात चौघं जण एका लांबच्या ग्रहावर जातात आणि एकटाच परत येतो. त्याचा सत्कार होतो, हार घातले जातात. तो घरी येतो, जेवायला बसतो, पण डोक्यावरचं अंतराळातलं शिरस्त्राण काही काढत नाही. काचेच्या आतून ताटाकडं बघत बसतो. बाईंनी हात वर केला. मी चित्र थांबवलं.

"आता ह्यानं काय करावं?"

कोणी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "आता ह्यो जेवणार कसा?" आणि दत्ता हसला. सुरेखानं चटकन मागं वळून पाहिलं. नवऱ्याचं हसणं तिनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. गटही हसला. मग दत्ता भिंतीवरच्या त्या थिजलेल्या चित्राकडं बघत हळूहळू म्हणाला, "काढवत नसंल त्याला... काढलं तर बायको तोंड बघंल की. तोंडावर दिसतंय सगळं."

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"की ह्यो जगला आन् बाकीचं गेलं. ह्येला बरं वाटलं असंल एक क्षणभर. जगलो म्हणून." त्यानं चित्रावरची नजर बाईंकडं वळवली. "मला वाटलंतं, बाई. फोन आला तवा. पैल्यांदा मनात आलं, बरं झालं मी न्हवतो. बाळू गेला हे मागनं आलं मनात."

बाई म्हणाल्या, "दत्ताभाऊ, आग दिसली की हात मागं येतोय. तुमी ठरवून घेत न्हाईसा. ते बरं वाटणं तसंच हुतं. त्यानं तुमी वाईट ठरत न्हाईसा." दत्ता रडला. आम्ही चहा सांगितला आणि त्या दिवशी सिनेमा पुढं गेलाच नाही.

ही जादू नव्हती. त्यानंतरही कितीतरी महिने तो एकटा येऊन बोलत होता. कधी बरा दिसायचा, कधी पुन्हा मागं जायचा. पण एक दिवस तो आपणहून मुरगूडला बाळूच्या घरी गेला, सोबत सुरेखा होती. बाळूच्या बायकोसमोर बसून त्यानं सगळं सांगितलं. पाळी बदलल्याचं, आणि ते क्षणभराचंही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "पाळीचं मला म्हाईत हुतं. त्यांनी जाताना सांगितलंतं, दत्ताच्या लेकीचं कान हायत आज. हसतच गेलंतं." मग म्हणाली, "तुमी का येत न्हाईसा म्हणून वाट बघत हुतो मी. त्यांच्याबद्दल बोलाय घरात कोण न्हाई." तेव्हापासून दत्ता आणि सुरेखा दर सणाला तिकडं जातात. दत्ता कामावर परतला. आज तो त्याच कारखान्यात नव्या कामगारांना सुरक्षेचं शिकवतो, आणि अपघात पाहिलेल्या माणसाला बाजूला घेऊन त्याच्याशी कसं बोलायचं तेही शिकवतो. त्याच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा बाईंना त्यानं पहिल्या ओळीत बसवलं होतं.

बाहेरच्या जगाला हे पटायला वेळ लागला. एका मोठ्या शहरात मानसोपचाराची परिषद होती, बाईंनी तिथं आपलं काम मांडलं. मी यंत्र लावायला सोबत गेलो होतो. एक ज्येष्ठ डॉक्टर उठले आणि हसत म्हणाले, "म्हणजे कोल्हापुरात तुम्ही थेटर काढलंय तर." सभागृह हसलं. बाई म्हणाल्या, "व्हय सर. पण आमच्या थेटरात बोलायचं काम प्रेक्षकाचं असतं." मग त्यांनी त्या ओकलेल्या आईची गोष्टही, नावगाव न सांगता, पण स्वतःची चूक न लपवता सांगितली. हसणं थांबलं. परत येताना आम्ही गाडीत बसलो. मला वाटलं, मनाला लागलं असेल. तर त्या शेव-चिवड्याची पुडी सोडत म्हणाल्या, "शशीभाऊ, शेवटी कुणी उठून गेलं न्हाय. हे लई झालं." काही वर्षांनी त्याच डॉक्टरांनी आपली विद्यार्थिनी बाईंकडं शिकायला पाठवली. पाठोपाठ आणखी येत गेले. त्यातच एक होती पल्लवी कांबळे, कागल तालुक्यातली, लाजरी, हळू आवाजात बोलणारी. तिचे आजोबा बौद्धवाड्यातल्या सभा गाजवणारे. नात मात्र चारचौघांत तोंड उघडायला घाबरायची. बाईंनी तिला उजवा हात केलं.

पल्लवीच्याच ओळखीनं इचलकरंजीला गट सुरू झाला. यंत्रमागांच्या वस्तीत, कामगारांच्या बायकांसाठी; कोणी बिहार-ओडिशाकडून आलेल्या, कोणी सीमेपलीकडून, कोणी इथल्याच. जागा मिळाली ती मागांच्या शेडला लागून. दिवसभर खटखट, खटखट... सिनेमातला एक शब्द ऐकू येईना. पल्लवीचा चेहरा पडला. बाईंनी मला आवाज पूर्ण बंद करायला सांगितला. "लहानपणी मी असंच बघितलंय सगळं," म्हणाल्या. पडद्यावर एक बाई अनोळखी ग्रहावर उतरली होती. तिथल्या माणसांची भाषा तिला कळत नव्हती. बाईंनी गटाला सांगितलं, ती काय म्हणत असेल ते ज्याच्या त्याच्या भाषेत बोला. कोणी कानडीत बोललं, कोणी ओडियात, आमच्या मराठी बायका तर थांबेचनात. कोपऱ्यात एक तरुण बाळंतीण बसली होती. मूल तान्हं, पण ती त्याला घ्यायची नाही, कोणाशी बोलायची नाही. शेजारणीनं आणून बसवलेली. शेवटी ती म्हणाली, "ये बोल रही है, मेरी माँ को बुलाओ." एवढंच. पल्लवी उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. त्याच आठवड्यात तिच्या माहेरी फोन गेला, डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, आई येऊन राहिली. पुढं एका खेपेला ती मुलाला कुशीत घेऊन आली आणि पडद्यावरच्या बाईला इतके सल्ले दिले की तिला आवरावं लागलं. आज तो गट तीच चालवते.

मग बाईंचं आजारपण आलं. पोटाचा कर्करोग, आणि उशिरा कळलेला. शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. खूप वाळल्या होत्या, पण चष्म्याआडचे डोळे तेच. "मला भ्याव न्हाय असं न्हाय," त्या म्हणाल्या. "हाय की. पण रोज थोडं थोडं बोलतोय सलीमशी. ज्यानं दुसऱ्यास्नी बोलायला लावलं त्यानं स्वतः गप बसून कसं चालंल." पल्लवी तिथंच होती. ती एकदम म्हणाली, "मॅडम, मला न्हाय जमायचं एकटीला." बाईंनी तिचा हात हातात घेतला. "मला तरी कुठं येत हुतं? लोकं शिकवत्यात. तू नुसतं बघ त्यांच्याकडं." त्यानंतर त्या दमल्या आणि पडून राहिल्या. आम्ही दोघं जिना उतरून खाली आलो.

त्या गेल्यावर एक शनिवार सुना गेला. पुढच्या शनिवारी मी दुपारी दवाखान्यात गेलो. दार पल्लवीनं आधीच उघडून ठेवलं होतं. खोली तशीच होती; खुर्च्यांच्या रांगा भिंतीकडं तोंड करून. एकच खुर्ची उलटी, बिनहाताची, लाकडी, पडद्याला पाठ केलेली. ती बाईंची. शनिवारी सगळे सिनेमा बघायचे तेव्हा त्या माणसांचे चेहरे बघत बसायच्या. सिनेमा घरी आधीच पाहून यायच्या आणि कुठं थांबवायचं ते इथं नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांनी एकही सिनेमा पाहिला नसेल. माणसं येत गेली. दत्ता आणि सुरेखा आले, इचलकरंजीहून ती तरुण आई आली, दोन-तीन चेहरे अगदीच नवीन होते. उलट्या खुर्चीकडं प्रत्येकाची नजर जात होती आणि तिला वळसा घालून जो तो बसत होता. जास्तीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या, तरी ती कोणी हलवली नाही.

पल्लवीनं सिनेमात अवघड काय आहे ते सांगितलं. आवाज लहानच होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. ज्याला नको त्यानं बाहेर बसावं, म्हणाली. कोणी उठलं नाही. मग ती जाऊन त्या खुर्चीत बसली. मी बटण दाबलं. भिंतीवर काळंभोर आकाश उमटलं, त्यात एक यान हळूहळू पुढं सरकू लागलं, आणि खोलीतल्या सगळ्या नजरा वर गेल्या. पल्लवीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड हलत होता, आणि ती एकेका चेहऱ्याकडं बघत होती.